अनसूयेच्या साड्या घेऊन धरणाकाठी

वरठीहून भंडाऱ्याला टमटमनं निघालो तेव्हा मांडीवर अनसूयेचं गाठोडं होतं. चौदा साड्या. अनसूया माझी बायको, दिवाळीच्या आधी गेली. मुलगी नाही, सून नाही. साड्या द्यायच्या कोणाला?

मी चौथी शिकलेला माणूस. वरठीच्या स्टेशनावर हमाली केली आणि उरलेल्या वेळात तीस वर्षं एका पक्षाचा झेंडा वाहिला. यंदा आमचा साहेब निवडून आला, आणि ज्यांच्याविरुद्ध आम्ही घसा फोडला त्यांच्याच गाडीत जाऊन बसला. अनसूया तेव्हा खाटेवर होती. म्हणाली, "आता तरी कोणाच्या कामाचं काही करा जी." मी पक्षाचा दुपट्टा चुलीत घातला. ती गेल्यावर कानावर आलं, की पवनीच्या पुढं, धरणात गेलेल्या एका गावाच्या नव्या वस्तीत वनिताबाई नावाची बाई एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना जेवू घालते आणि जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देते. म्हटलं, मत देऊन काही होत नाही. निदान कोणाची थंडी जाईल.

भंडाऱ्याच्या स्टँडवर पवनीची गाडी भरलेली होती. कंडक्टरनं गाठोड्याला बोट लावलं.

"का आहे बाबाजी यात? वाटप का?"

वाटप म्हणजे निवडणुकीच्या आधी घरोघरी देतात त्या साड्या. मागून एक जण ओरडला, "बाबाजी, एक आमच्या घरीबी टाका ना! बायको रुसून राहिली."

"माझी मेली," मी म्हणालो. "तिच्याच साड्या होत."

कंडक्टरनं गाठोडं उचलून आपल्या सीटजवळ ठेवलं.

पहेला गेलं, अड्याळ गेलं. धान कापून झालं होतं. बांध्या (धानाची शेतं) उघड्या पडल्या होत्या, मधून मधून लाखोळी (डाळीचं पीक) हिरवी दिसत होती. पवनीला उतरून भजी खाल्ली. थंडगार, तेलानं गच्च. पुढचा ऑटो अर्ध्या रस्त्यात बंद पडला. गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालू लागलो. जन्मभर ओझी वाहिली, पण मान विसरून गेली होती. एका बाजूला धरणाचं पाणी. त्यात वाळलेली झाडं उभी, एकावरही पान नाही. एक डोंगा (होडी) त्यांच्यामधून सरकत होता. पाण्याखाली गावं आहेत हे सांगावं लागतं, दिसत काही नाही.

नवी वस्ती आखून दिलेली. रस्ते सरळ, निम्म्या घरांना कुलूप. पोरं नागपूरला गेली, म्हातारे राहिले. टिनाच्या शेडमध्ये चूल पेटलेली होती आणि भिंतीला टेकून पाच म्हातारे बसले होते. वनिताबाई पन्नाशीची, आवाज खणखणीत. माझ्याकडे पाहून म्हणाली, "हात रिकामे असतील तर हा गंज (पातेलं) उतरवा भाऊ. माझ्या मनगटात दम नाई राहिला." मी उतरवला. मग तिनं मलाच आधी वाढलं. भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी. अनसूया गेल्यानंतर इतका गरम भात मी खाल्ला नव्हता.

जेवण झाल्यावर गाठ सोडली. वनिताबाई एकेक साडी उलगडून पाहू लागली. भिंतीकडची भागरथाबाई, सगळ्यांत म्हातारी, सरकत पुढं आली. तिनं एक पिवळी साडी ओढली, हिरव्या काठाची.

"असंच लुगडं मले भेटलं होतं," ती म्हणाली. "जुन्या गावात. मतदानाच्या आधी." मग तिनं मान वर केली. "तू ट्रॅक्टरवर उभा होता. भोंग्यात बोलला, गाव उठणार नाई. पाणी चढलं तर सगळ्यात आधी आमी येतो."

नाही म्हणता आलं असतं. तीस वर्षांत किती गावं, कोण ओळखतं?

"मीच होतो," म्हणालो.

"मारा ना याले," एक म्हातारा बोलला.

"आता का मारता जी, भात खाऊन बसला तो," वनिताबाई म्हणाली.

"पाणी चढलं तवा कोण आलं?" भागरथाबाई म्हणाली. "माझा बुढा उंबरा सोडाले तयार नोहता. उचलून आणला. नव्या घरात दिवाळी नाई पाहिली त्यानं."

चार निवडणुकांत वाटपाच्या गठ्ठ्यातली एकेक साडी मी अनसूयेसाठी काढून ठेवली होती. तेच सांगितलं. म्हणालो, "पण नेसल्या तर तिनंच ना. माझ्यासाठी नका ठेवू, तिच्यासाठी ठेवा."

भागरथाबाईनं साडी नाकाला लावली, बोटानं घडी चाचपली. मग तशाच आणखी तीन वेगळ्या काढल्या.

"घडी मोडली नाई एकीचीबी. तुझ्या बाईनं नेसलंच नाई हे."

मी हातात घेऊन पाहिलं. दुकानातली टाचणी तशीच होती, गंजलेली. मी समजत होतो, सणासुदीला राखून ठेवते. बाकीच्या दहा साड्या विरलेल्या, पदराला तिच्या हातचं रफू. तीस वर्षं ती काय नेसते ते मी पाहिलं नाही, आणि ती एका शब्दानं बोलली नाही.

"ह्या दहा ठेव वने," भागरथाबाई म्हणाली. "त्या चार माझ्या अंगावर नको. झोप नाई येणार."

"मंग गंज उतरवाले फडके करू," वनिताबाई म्हणाली. "फाडा भाऊ तुमीच."

मी फाडल्या. कोरं कापड फाटताना फार आवाज करतं. पाचही जण पाहत होते.

ऊन उतरल्यावर उठलो, हात जोडले, म्हणालो, "येतो."

"येतो नको म्हणू," भागरथाबाई म्हणाली. "जातो म्हण."

आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. जातो म्हणणारा परत येत नाही. मी उभा राहिलो. तिनं नजर काढली नाही.

"जातो," म्हणालो.

घरी आलो तर पेटी उघडीच राहिली होती, आत नुसत्या डांबराच्या गोळ्या. दान करून मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. अनसूया माझ्याबद्दल काय समजून गेली ते मला कळलं, आणि तेही एका परक्या म्हातारीकडून. त्या शेडमध्ये गंज उतरवायला माणूस लागतो, आणि माझ्या हातात अजून तेवढा जोर आहे. भागरथाबाई मला उंबऱ्यात उभं करेल की नाही, ठाऊक नाही. आश्वासनं खूप देऊन झाली; मी परत जाईन असं इथं लिहीत नाही.