वहिनींच्या बाजूचा मीटर

दादा गेल्याचा फोन वहिनींनीच केला. "वन्सं, या लगेच. हे गेलं," एवढंच बोलल्या आणि फोन ठेवला. मी सवयीनं कागद ओढला: कुणाला कळवायचं, मुरगूडची माणसं कशी येणार, जेवणाचं कोण बघणार. जलदान विधी होईपर्यंत त्या कागदानंच मला उभं ठेवलं. पाहुणे पांगले, तेव्हा त्यावर एकच काम उरलं होतं: दादाच्या गाडीचं काय करायचं?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. साखर कारखान्यात बॉयलरवर त्याची सगळी नोकरी गेली. नव्वदच्या सुमारास त्यानं एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून जुनी जर्मन गाडी घेतली. कासवासारखी पाठ, इंजिन मागं, आणि त्याला पाणी नाहीच. नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं. चढाला ते तापायचं. तापलं हे सांगणारा काटा गाडीत नव्हता. तो बसवून घे, असं मी किती वेळा म्हटलं असेल! "बॉयलरला मीटर लागतोय. हिला माझं कान बास हाईत," हे त्याचं ठरलेलं उत्तर. ते खरंही होतं. पन्हाळ्याच्या चढाला इंजिन तापलं की आवाजात काहीतरी बदलायचं. आम्हाला पत्ता नसायचा, आणि दादाचा पाय आधीच उचललेला असायचा.

म्हणून निवृत्तीनंतर त्यानं स्वतःहून मीटर मागवला, तेव्हा मला नवल वाटलं. आपलं ऐकलं, म्हणून थोडी खूशही झाले. रविवारी उद्यमनगरातले रफिकमिस्त्री घरी आले. काम तसं सुटसुटीत. इंजिनाच्या ज्या भागाला वारा कमी मिळतो, तिथल्या प्लगखालची वायसर काढायची, त्या जागी तांब्याची कडी बसवायची आणि कडीची तार मागच्या सीटखालून पुढं मीटरपर्यंत आणायची. तार थोडी जास्त होती. मिस्त्रींनी पक्कड उचलली तसा दादा ओरडला, "तोडू नगा! तार कमी केली की काटा खोटं बोलतोय." उरलेल्या तारेचं वेटोळं त्यानं स्वतः सीटखाली बांधलं.

मग मीटर कुठं बसवायचा, यावरून वाजलं. दादानं बोट दाखवलं ते डावीकडं, वहिनींच्या गुडघ्यासमोर.

"सायेब, मीटर डायवरम्होरं असतोय," मिस्त्री म्हणाले. "वैनीस्नी कंडक्टर केलासा व्हय?"

"मी रस्ता बघतो. ती काटा बघंल की."

"आन् तिकिटाचं पैसं?" वहिनींनी विचारलं. सगळे हसले. मला मात्र पटलं नव्हतं. चालवणाऱ्याला दिसणार नाही असा मीटर काय कामाचा?

ते त्याच सकाळी कळलं. मीटर बसला, मिस्त्रींनी किल्ली फिरवून इंजिन चालू केलं आणि ते मागं जाऊन कडी बघायला वाकले. दादा येऊन सीटवर बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. चालू इंजिनाला पुन्हा स्टार्टर लागला. दातांत कळ जावी असा खरवडल्याचा आवाज... आम्ही सगळे ओरडलो. दादा किल्ली फिरवतच राहिला. चेहरा अगदी शांत. मिस्त्री मान खाली घालून हत्यारं पुसू लागले. शेजारी बसलेल्या वहिनींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. किल्ली थांबली. गाडी सोड, असं त्याला कुणीच म्हटलं नाही. गाडी सुटली असती तर दादा घरात बसून वाळला असता, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आणि ऐकू येत नाही, हे तोंडानं कबूल करणारा तो माणूस नव्हता.

पुढची कितीतरी वर्षं ती दोघं तशीच फिरली. कागलला, बिद्रीला, कुठं लग्नाला. काटा चढला की वहिनींचा हात गिअरवरच्या दादाच्या हातावर जायचा आणि गाडी हळू व्हायची. चारचौघांत कधी एकमेकांशेजारी न बसलेली ही माणसं! मागच्या सीटवरून मी ते बघायची आणि खिडकीबाहेर तोंड करायची. शेवटी शेवटी सपाट रस्त्यालाही हात तिथंच असायचा...

गेल्या आठवड्यात मी ठरवलं, गाडीचा निर्णय चालवून बघूनच घ्यायचा. वहिनींना शेजारी बसवलं आणि पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले. चढ सुरू झाला. माझं लक्ष सारखं त्या काट्याकडं. तो तळाला पडून होता, हलायला तयार नाही. तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "हळू घ्या वन्सं. तापली."

"काटा तर खालीच आहे."

"त्यो कवाच मेलाय. पलग बदलताना तार तुटली. मिस्त्रींनी मला एकटीला सांगितलं."

"मग तुम्हाला कसं कळतं?"

"आवाजावरनं. डब्यात खडं हलवल्यागत वाजतंय. इतकी वर्सं काटा बघून बघून कानात बसलंय की."

"दादाला माहीत होतं?"

"मीटर सांगतोय म्हणून पाय उचलायचं ते. बायकू सांगती म्हटल्यावर गाडीच सोडली असती. मी आपली काट्याकडं बघत बसायची... मान वाकडी करून त्येनीबी कधी बघितलं न्हाई."

नवी तार मागवायचं माझ्या ओठावर आलं होतं. ते मी तिथंच ठेवलं. गाडी विकायचंही.

पुढच्या वळणाला चढ आणखी उभा झाला आणि मलाही तो आवाज आला. डब्यात खडे हलवल्यासारखा, स्पष्ट. पाय उचलायला हवा होता. मी उचलला नाही, वहिनींचा हात माझ्या हातावर येईपर्यंत.