साकवाच्या मध्यावर

देवराईत शिरताना माझे हात रिकामे होते, बाहेर पडताना हातात काठी होती. चूक एवढीच. देवळामागं एक वाळकी, सरळ, मुठीत छान बसणारी फांदी पडलेली दिसली, ती उचलली. "सापबीप असतात," असं बायकोला सांगितलं. खरं कारण पुढं लटकत होतं.

तेव्हा तुंगार्लीचं तळं आणि बंगले मागं पडले की नुसतं रान होतं. देवराईच्या कडेला खोल घळ, पलीकडे वाडी. मधे वाडीतल्या लोकांनी कळकाच्या बांबूंचा, कडेला धरायला दोर असलेला साकव बांधलेला. घळीत उगवलेल्या झाडांचे शेंडे बरोबर पायांशी येत, म्हणजे चालायचं ते झाडांच्या डोक्यावरून. हे कुणाकडून तरी ऐकून बायकोनं आम्हाला रविवारी देहूरोडच्या क्वार्टरमधून बाहेर काढलं होतं. मी स्टुलावर चढलो तरी घामाघूम होणारा माणूस. आमच्या घरी बल्ब बायको बदलते.

साकव ओलांडला तो एका हातात काठी, दुसऱ्या हातात बायकोचा पदर आणि डोळे मिटून. आठ वर्षांची मुलगी पुढं नाचत होती.

"बाबा, खाली बघा ना!"

"बघतोय," मी म्हणालो.

पलीकडे वाडीतली एक मावशी म्हशी राखत बसली होती. तिनं माझ्याऐवजी काठीकडे पाहिलं.

"भाऊ, ही कुटनं आनली?"

"देवळामागून."

"आरं द्येवा! तितलं पान बी भायेर न्यायचं न्हाई. माजी म्हस गाभन हाय, तिला काय झालं म्हंजी? जा, ठिवून ये."

"तुम्ही ठेवाल का, मावशी?"

"मी कशापायी? द्येव इचारंल, तू कवा उचललीस? ज्यानं आनली त्यानंच ठिवायची."

"जा की," बायको म्हणाली. "साप दिसला तर काठी आहेच."

जाताना होती. येताना नसणार, हा हिशेब तिनं केला होता की नाही, देव जाणे.

काठी टेकत टेकत गेलो, जागच्या जागी ठेवली. 'थांब' म्हणेल या आशेनं देवापुढं बराच वेळ हात जोडून उभा राहिलो. देव काही बोलला नाही. परत निघालो आणि मध्यावर पाय थिजले. पुढं जाववेना, मागं फिरवेना. डोळे मिटले तर साकव जास्तच हलायला लागला, म्हणून नाइलाजानं उघडले.

काय पाहिलं ते नीट सांगता येत नाही. धुकं खालून वर येत होतं, पानापानांतून. शेंडे एकेक करून बुडत होते आणि पुन्हा वर येत होते. माझ्या डोळ्यांच्या रेषेत एक शेकरू फांदीवर बसून काहीतरी कुरतडत होतं. गॅलरीतून शेजाऱ्याकडे पाहावं तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाण्यात गढून गेलं. ओढ्याचा आवाज दुसऱ्या कुणाच्या घरातून यावा तसा येत होता. वारा आला. झाडं डोलली, साकव डोलला, मीही डोललो, सगळे एकाच लयीत, त्यामुळं काहीच हलत नाही असं वाटायला लागलं. पलीकडे बायकोचं हिरवं पातळ तेवढं दिसत होतं, मग तेही विरलं. डेपोतला कारकून, कुणाचा नवरा, कुणाचा बाप, असलं काही अंगावर उरलं नव्हतं. दोर हातातून कधी सुटला, कळलं नाही.

"अहो, येताय ना?"

हाक आली आणि मी चालत पलीकडे गेलो.

"ठिवली?" मावशीनं विचारलं.

"ठेवली."

"मंग झालं," म्हणून ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

वाडीकडच्या वाटेनं स्टेशनकडे उतरताना बायको हळूच म्हणाली, "धुक्यात दिसेनासे झालात तेव्हा वाटलं, आता काही तुम्ही परत येत नाही."

"घाबरलीस?"

"नाही हो. त्याआधी पाहिलं होतं ना तुम्हाला. इतके गप्प, इतके बरे दिसत होता, म्हटलं राहू द्यावं थोडा वेळ. म्हणून तर हाक उशिरा मारली."