बुडालेल्या चुलीची कॉफी

सिग्गाआत्या कॉफीचा पहिला घोट कधीच प्यायली नाही. तो चुलीपाशी राहणाऱ्या देवीचा, असं म्हणून जमिनीवर ओतायची. आम्हा सामी लोकांची, उत्तर ध्रुवाकडच्या रेनडिअर पाळणाऱ्यांची, जुनी रीत. बाकीच्यांनी सोडली, आत्याने नाही. पंचाईत एवढीच, की तिची चूल तळ्याच्या तळाशी होती.

आमच्या डोंगरांचं सरकारने राष्ट्रीय उद्यान केलं. फूल तोडू नका, दगड हलवू नका! आणि मग त्याच उद्यानातलं तळं विजेसाठी धरणवाल्यांना देऊन टाकलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं. धरणाची भिंत वाढत गेली, पाणी चढलं, तसतसं आत्याचं घर डोंगरावर वर सरकत गेलं. जन्मघर बुडालं तेव्हा ती परकरी पोर होती.

दर एप्रिलात, विणीच्या आधी, रेनडिअरचा कळप गोठलेल्या तळ्यावरून पलीकडे न्यायचा. आत्या पुढे, काठीने बर्फ ठोकत. बुडालेल्या जन्मघराच्या वर आली की थांबायची, थर्मासमधली कॉफी ओतायची, मगच पाऊल पुढे.

त्या वर्षी थंडी भयंकर. वीज हवी म्हणून धरणवाले पाणी सोडतच राहिले. तळं इतकं कधीच उतरलं नव्हतं. वरचा बर्फ मात्र दिसायला तसाच. गाभण माद्या अगदी दिवस भरलेल्या. आत्याच्या मागे मी, पुढारी रेनडिअरचा दोर धरून. काठावर बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ पाव्वा, कळप आवरत उभे.

"ताई, आज राहू दे ना ती कॉफी! माद्या इथेच व्यायच्या!"

"गप रे! तुला सकाळी मिळाली नाही तर घर डोक्यावर घेतोस, तिला नको?"

तिने ओतली. एरवी बर्फावर तपकिरी डाग पसरायचा. आज कॉफी एका फटीत गेली ती गेलीच. आत्या ताठ झाली. तिने हात वर केला. बर्फ कडाडला.

"आत्या, आडवी हो!" मी किंचाळले.

ती काठीवर पालथी पडली. तिच्यापुढचा खाटेएवढा तुकडा खाली गेला. पाण्याचा आवाज आलाच नाही. दगडावर आपटल्याचा आला. बर्फाखाली सगळं पोकळ होतं.

मी फास टाकला, तिने कमरेत अडकवला. आणि बाई मागे यायची सोडून पुढे सरपटली! भोकात डोकं घालून बघत बसली.

"वेड लागलंय का तिला? ओढ!" बाबा ओरडले.

मी ओढलं. बर्फ करकरत होता, रेनडिअर मागे हिसके देत होता. कशीबशी दोघी काठाला लागलो.

"मरायचं होतं का गं तुला?" तिच्या कमरेचा फास सोडवत मी ओरडले.

"चूल आहे तिथे," ती म्हणाली. "दगड तसेच, गोल. कोरडे ठाक." "निघताना आई म्हणाली होती, निखारे झाकून ठेव, आपण परत येऊच. मी झाकले होते गं."

बाबांनी कळप डोंगराच्या लांबच्या वाटेला वळवला.