आत्या गिटार शिकते

सोलापुरात उन्हाळ्याला आणि आमच्या आत्याला आजवर कोणी अडवू शकलेलं नाही. शाळेत संस्कृत शिकवून ती निवृत्त झाली, तेव्हा आता ही भजनी मंडळात जाणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आत्या गेली ती थेट वाद्यांच्या दुकानात. भर दुपारी रिक्षातून उतरली, मांडीवर भलीमोठी गिटार. मी घ्यायला पुढे झालो तर म्हणाली, "हात लावू नकोस. लाकूड तापलंय, आधी सावलीत निवू दे."

त्या गिटारवर तिला एकाच बँडची गाणी वाजवायची होती. साहेबाच्या देशातल्या चार झिपऱ्या पोरांचा तो बँड, आमच्या जन्माआधी गाजलेला. घराण्यात त्याचे भक्त एकटे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान. ते होटगीला रेल्वेत होते. ड्यूटीवरून आले की बूट काढायच्या आधी कॅसेट लावायचे, आणि स्वयंपाकघरातून आत्या ओरडायची, "अहो, बंद करा ते! माणसं गातायत की भांडतायत?" हे ऐकतच आम्ही भाचरं लहानाची मोठी झालो. त्यामुळे तीच बाई तीच गाणी शिकणार म्हटल्यावर आम्ही आळीपाळीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका पोक्त सरांकडे तिनं क्लास लावला. पहिल्याच दिवशी सरांनी ताल समजावला, तर आत्यानं त्याचे लघु-गुरू पाडून दाखवले आणि सरांकडून 'यमाताराजभान' घोकून घेतलं. पुढच्या आठवड्यापासून सर तिला 'मॅडम' म्हणायला लागले आणि ती येताना दिसली की हातातली तंबाखू टाकून द्यायला लागले. गाण्यांच्या शब्दांवर तर तिचा फारच राग. "प्रत्येक ओळीत हा बाळाला हाक मारतोय, आणि शेवटपर्यंत बाळाचा पत्ता नाही!" पण सगळ्यात मोठं वैर एफ कॉर्डशी. एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायच्या म्हणजे काय! "एक दाबावी तर दुसरी बोंबलते," ती म्हणायची, "मागच्या बाकावरची पोरं बरी." कुकरच्या शिट्टीनं ताल चुकतो म्हणून तिनं कुकर माळ्यावर टाकला आणि तिच्याकडे जेवायला गेलो की आम्हाला कितीतरी दिवस पातेल्यातलं कच्चट वरण मिळालं. बोटांची टोकं मात्र इतकी निबर झाली, की तव्यावरची भाकरी ती गप्पा मारत मारत उलटायची.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कळलं. मी तिळगूळ पोचवायला गेलो होतो. वाण लुटून झाल्यावर टेंभुर्णीकडच्या एका वहिनींनी विचारलं, "आत्याबाई, त्या गिटारीवर येकादा अभंग येतो का वं?"

"नाही येत," म्हणत आत्यानं पदर खोचला आणि त्या झिपऱ्यांचं गाणं सुरू केलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एवढ्यात व्हरांड्यात बसलेले आतोबा उठले, बायकांच्या घोळक्यातून वाट काढत तिच्या शेजारी येऊन बसले, आणि त्यांनी तळहात गिटारच्या लाकडावर टेकवला. डोळे मिटले. मान डोलायला लागली.

आतोबांचे कान गेले होते. यंत्र लावून बोलणं थोडंफार कळायचं, पण गाणं लावलं की पत्र्यावर ज्वारी ओतल्यासारखं वाटतं म्हणायचे. शेवटी कॅसेटा त्यांनी आपल्या हातानं भंगारात दिल्या आणि त्या दिवसापासून घरात गप्प गप्प राहायला लागले. मग दोघं अक्कलकोटला गेली असताना, मठातल्या भजनात त्यांचा हात सहज शेजारच्या पेटीवर पडला, सुरांची थरथर तळहाताला लागली आणि त्यांची मान हलली. आत्यानं ते पाहिलं. तिथून परतल्यावरच ती दुकानात गेली होती.

गाणं मध्यावर आलं आणि आतोबा, बहिऱ्या माणसाच्या त्या खणखणीत आवाजात, म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात चुकलीस की!"

बायका खो खो हसल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढत आलेल्या माझ्या आत्यानं मान हलवून आपली चूक कबूल केली. डोळे पुसले आणि पहिल्यापासून वाजवायला लागली.

परवा संध्याकाळी गेलो तर मैफल चालूच होती. एफ कॉर्ड आता निमूट वाजत होता. लाकडावर हात ठेवून आतोबांना बसल्या बसल्या डुलकी लागली होती. आत्यानं हात थांबवला.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली, "ही गाणी मला आवडायला लागलीत रे. ह्यांच्या कानात हळूच सांगावं असं फार वाटतं. पण हळू बोललेलं ह्यांना ऐकू येत नाही, आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगायची गोष्ट आहे का ही?"

"मग लिहून दे की."

"चल! या वयात चिठ्ठ्या?" आत्या चक्क लाजली. मग आतोबांचा घसरलेला हात तिनं उचलून पुन्हा लाकडावर ठेवला, आणि त्यांची झोप मोडणार नाही इतक्या हलक्या बोटांनी पुढचं गाणं सुरू केलं.