कॉलेजचं स्कॅन आणि तेवढी एक ओळ

तुमच्या कामात सांगण्यासारखं काय घडतं, असं कुणी विचारलं की मी 'काही नाही' म्हणून मोकळा होतो. पण बॅगेच्या तळाशी जुन्या केबली साठतात ना, कुठल्या मशीनच्या ते आठवत नाही आणि टाकवतही नाहीत, तसे हे किस्से साठलेत. आज बॅग उलटी करतो. तसाही मी आता थकलोय, ओझं कमी झालं तर बरंच.

माझं काम असं: परभणीहून एसटीनं तालुक्याच्या कॉलेजांत जायचं आणि तिथल्या कॉम्प्युटरवाल्यांना नेटवर्क स्कॅन करायला शिकवायचं. स्कॅन म्हणजे काय, तर कॉलेजातल्या प्रत्येक मशीनचं दार बाहेरून हळूच लोटून बघायचं आणि कडी नसेल तर लिहून घ्यायचं. चोर येण्याआधी आपण, एवढंच.

आजचे किस्से सेलूकडच्या एकाच कॉलेजातले. नाव सांगत नाही, तिथं मला अजून जायचंय. माणसं तीनच. एक प्राचार्य. दुसरे हेडक्लार्क स्वामी भाऊसाहेब, ज्यांच्याशिवाय तिथलं पान हलत नाही. तिसऱ्या शबाना मॅडम, म्हणजे कॉलेजचा अख्खा आयटी विभाग. रोज पाथरीहून येणार, अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर. ती ऑर्डर संपत आली होती. नवीन निघेल की नाही हे स्कॅनच्या रिपोर्टवर ठरेल, असं प्राचार्यांनी पहिल्याच दिवशी माझ्यासमोर त्यांना सांगून टाकलं.

*

पहिला दिवस सत्कारात गेला. शाल, नारळ, तीन भाषणं. मी शिकवायला उभा राहिलो तेव्हा लोक जेवणाची वाट बघत होते.

जेवणानंतर शबाना मॅडमनी स्कॅन लावलं. दहा मिनिटांत रिपोर्ट आला: दोष शून्य! इतक्या वर्षांत असा रिपोर्ट मी पाहिला नव्हता. मी भारावून दोन शब्द बोललोसुद्धा. मग पाणी प्यायला लायब्ररीकडे गेलो, तर तिथले सगळे कॉम्प्युटर बंद, वर धुतलेली कव्हरं. ऑफिसात तेच, लॅबमध्ये तेच.

भाऊसाहेबांना विचारलं तर ते माझ्याकडेच नवलानं बघायला लागले. "सर, तपासणी म्हणल्यावर चालू कसं ठेवावं? सगळे पुसून बंद करून ठेवलेत. उगं कुणी हात लावून घाण करायचं."

समिती येणार म्हटलं की या कॉलेजात हेच करतात, त्यांचं काही चुकलं नव्हतं. किती मशीन तपासली, ही ओळ रिपोर्टात सगळ्यात वर होती. तिथं 'एक' असं लिहिलं होतं, म्हणजे स्कॅन लावलेलं तेवढंच. ती मी वाचलीच नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी सगळं चालू ठेवलं आणि रिपोर्ट लालभडक आला. आता दुरुस्त्या शिकवाव्यात म्हणून मी खडू हातात घेतला, तोवर प्राचार्यांनी ज्या ज्या खोलीत लाल, त्या त्या खोलीच्या माणसाकडून लेखी खुलासा मागवला होता. ग्रंथपालांनी दोन पानं लिहिली. सार एवढंच, की कॉम्प्युटर त्यांच्या आधीपासून कॉलेजात आहे.

दुपारी भाऊसाहेब आले, दार लोटून घेतलं आणि खाली बसले. "सर, आमच्या मशीनपुढं 'अतितीव्र' आलंय. तेवढं 'मध्यम' करता येतंय का? माझं रिटायरमेंट जवळ आलंय."

मी म्हटलं, भाऊसाहेब, आजारी मशीन आहे, तुम्ही नाही. ते उठता उठता म्हणाले, "साहेब तसं धरत न्हाईत ना."

*

पासवर्डचं ऐका. कॉलेजात येणारी प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. पासवर्ड ही कॉलेजचीच वस्तू, म्हणून भाऊसाहेबांनी तीही चढवलेली. अनुक्रमांक, पासवर्ड, सही, शिक्का! रजिस्टर टेबलावर उघडं, येणारा जाणारा चाळणार.

पासवर्ड बदला आणि जुना खोडून टाका, असं मी समजावलं. त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी बघतो तर जुन्या पासवर्डवर पट्टीनं एक बारीक रेघ, बाजूला त्यांची छोटी सही, आणि खाली सुवाच्य अक्षरात नवा पासवर्ड.

म्हटलं, अहो, दोन्ही वाचता येतायत. ते म्हणाले, "मग? आकडा दिसंना असा गिरवला तर ऑडिटला खाडाखोड धरतेत." पस्तीस वर्षांची सवय ती. मी चहा मागवला.

*

स्कॅनच्या पुढच्या फेरीत एक मशीन जास्तीचं निघालं. कुठल्याच रजिस्टरला नाही, कुठल्याच खोलीत नाही, पण चालू आहे. शबाना मॅडम म्हणाल्या, एकेक वायर काढत जाऊ, ज्याची बोंब येईल त्याचं मशीन. पुस्तकात ही पद्धत नाही, पण याहून चांगली मला माहीत नाही.

पहिली वायर काढली, कुणी बोललं नाही. दुसरी काढली, शांत. तिसरी काढली आणि माझा फोन वाजला. प्राचार्य होते. "अहो, आईचं कीर्तन मधेच बंद पडलं टीव्हीवरचं. काय करायलात तुमी तिकडं?"

खिडकीतून बघितलं तर लॅबमधून निघालेली केबल कडुलिंबाच्या फांद्यांवरून थेट प्राचार्यांच्या बंगल्यात गेलेली! जास्तीचं मशीन म्हणजे तिथला वायफायचा डबा, आणि त्याला पासवर्डच नव्हता. वायर परत जोडून शबाना मॅडम फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या आणि मोबाईलवरून थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचल्या. त्याच कॉम्प्युटरवर सगळ्या पोरांचे मार्क. इतके दिवस आम्ही कड्या तपासत होतो आणि इथं भिंतच नव्हती.

*

त्या संध्याकाळी प्राचार्यांनी मला एकट्याला बोलावलं. माणूस वाईट नाही, उलट ओशाळला होता. म्हणाले, बाकी सगळं लाल राहू द्या, रिपोर्ट वर संस्थेकडे जाणार आहे, बंगल्याची तेवढी एक ओळ काढता आली तर बघा. मी 'बघतो' म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात शबाना मॅडम उभ्या होत्या. त्यांची ऑर्डर त्या आठवड्यातच संपत होती. घरी पगार त्यांचा एकटीचा, हे मला माहीत होतं. मी वडीलधाऱ्या आवाजात सांगितलं, मॅडम, ती ओळ काढा, केबल आपण नंतर गुपचूप काढून टाकू, आधी ऑर्डर महत्त्वाची. आता सांगताना लाज वाटते, पण तेव्हा हे शहाणपणाचंच वाटलं होतं. त्या "बरं सर" म्हणाल्या आणि पाथरीची जीप पकडायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दोघांनाही केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर एका बाजूला नवीन ऑर्डर, सही व्हायची होती. दुसऱ्या बाजूला रिपोर्ट, खाली शबाना मॅडमची सही. बंगल्याची ओळ होती, आणि सगळ्यात वर होती.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "मॅडम, तुमच्या सरांनी तुमाला सांगितलं न्हाई का, ही ओळ काढा म्हणून?"

मी खाली फरशीकडे बघत होतो.

"सांगितलं होतं सर," शबाना मॅडम म्हणाल्या. "पण ते ट्रेनिंग संपल्यावर. ट्रेनिंगमध्ये त्यांनी कडी नसेल तर लिहून घ्यायलाच शिकवलंय."

प्राचार्यांनी चष्मा परत चढवला. मग त्यांनी ऑर्डर ओढून घेतली, सही केली आणि रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. त्यावर माझी सही राहिली होती.