सशाची लेंडी, करडाची लेंडी

भागिरथामावशी दुसरी नापास. पण आसेगावच्या माळाबद्दल त्यांच्याइतकं शिकलेलं माणूस पंचक्रोशीत नाही, हे धम्मदीपाला कळायला दोन वर्षं लागली.

धम्मदीपा मंगरुळपीरची. रानसशावर पीएच.डी. करत होती. ससा काय खातो, त्याच्या पोटात जंत कोणते, हे त्याला न पकडता शोधायचं म्हणजे लेंड्या वेचायच्या. तिनं दोनशे पाकिटं भरली. मार्गदर्शक सरांनी अहवाल पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सशाच्या पोटात शेळीचे जंत? तुझ्या नमुन्यांत भेसळ आहे." उन्हाळ्यात त्याच माळावर शेळ्यांची करडं चरत, आणि करडाची लेंडी सशासारखीच बारीक, वाटोळी. दोन्ही लेंड्या वेगळ्या करता आल्या नाहीत, तर दोन वर्षं मातीत जाणार होती.

तीस वर्षं तिथंच शेळ्या चारणाऱ्या मावशींसमोर तिनं पाकिटं ठेवली.

"मावशी, तुमाले वळखू येईन?"

"त्यात काय वळखाचं? आन इकडं."

मावशी अंगणात बसल्या. नखानं लेंडी फोडायची, चिमटीत चोळायची, की झालं. "सशाची पाह्य, भुसा निंगते. करडाची मऊ. बकरी खाल्लेलं पुन्हा बसून चघळते, ससा कायले चघळते?" धम्मदीपानं हे कळायला जाडजूड पुस्तकं पालथी घातली होती.

तरी शंका काही जाईना. ससा समोरून उठताना बघून उचललेल्या दहा लेंड्यांची पाकिटं तिनं गुपचूप मिसळून दिली होती. मावशींनी नऊ सशाकडे टाकली, दहावं करडाकडे. चुकल्या एकदाच्या, असं वाटून धम्मदीपाला बरंही वाटलं आणि लाजही वाटली. तिनं ती लेंडी पाण्यात विरघळवून सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आत निळ्या नायलॉन दोरीचा धागा होता. दावणीच्या दोरीचा! ससा उठला होता खरा, पण लेंडी त्याच्या शेजारी आधीपासून पडलेली होती. चूक तिचीच.

संध्याकाळपर्यंत चौसष्ट पाकिटं बाद झाली. उरलेल्यांवर मात्र आता कुणाला बोट ठेवता येणार नव्हतं. प्रबंध वाचला होता.

"मावशी, ह्या पाकिटातली बकरीची हाय, हे कसं कळलं वो तुमाले?"

मावशी हात झटकत होत्या, त्या थांबल्या.

"बकरीची म्हून नाई वळखली, पोरी. आमच्या चांदी बकरीच्या पिल्लाची हाय थे. जरा चपटीच पडे त्याची. दावं चघळाची लई खोड होती त्याले." मग हळूच म्हणाल्या, "गेल्या उन्हाळ्यात त्या दाव्यानंच मेलं. पोटात गुंता झाला."

धम्मदीपानं तो निळा धागा पुन्हा पाकिटात घालून ते मावशींसमोर ठेवलं, आणि मावशींनी ते उचलून पदरात घेतलं.