अकोट तालुक्यातला समुद्र

मी अमरावतीला बी.एड.ला होते त्या वर्षी ‘माहिती तंत्रज्ञान’ हा विषय नव्याने अभ्यासाला लागला, आणि संगणकाशी माझी पहिली ओळख फळ्यावर झाली. आमच्या सरांनी खडूने एक चौकोन काढला, त्याखाली एक आडवा, शेजारी एक उभा, आणि त्यातून निघालेल्या शेपटीच्या टोकाला एक अंडं. “हा माउस,” सर म्हणाले. “याच्या पाठीवर लागोपाठ दोनदा टिचकी मारली की डबल क्लिक होतो. मारा.” आम्ही सगळ्या जणींनी बाकावर टिचक्या मारल्या. सर वर्गातून फिरून ज्यांचं अंतर जास्त पडत होतं त्यांना सुधारत होते.

खरा संगणक कक्ष वरच्या मजल्यावर होता. चपला बाहेर काढायच्या, हात धुवायचे, मगच आत. दाराशी उदबत्ती लावलेली असे. धुळीने व्हायरस शिरतो, असं सरांनी निक्षून सांगितलं होतं, त्यामुळे ज्याला सर्दी असेल त्याला आत प्रवेशच नव्हता. सरांनी स्वतः सुट्टीत एक कोर्स करून हा विषय अंगावर घेतला होता. त्यांची मराठी इतकी शुद्ध होती की आम्ही त्यांना पुण्याचे समजत होतो. मी एकदा “सर, मले पडदा दिसून नाही राहिला” म्हटलं, तर त्यांनी डोळे मिटून घेतले. “मला. दिसत नाहीये. पुन्हा म्हणा.” मी पुन्हा म्हटलं. पडदा तरीही दिसला नाही, कारण वीज गेली होती.

माझी खोलीतली जोडीदारीण बाळापूरची होती. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी आणि सरांसमोर पुस्तकातली मराठी, अशा तिन्ही भाषा ती पायातल्या चपला बदलाव्या तशा बदलायची. धिटाई तिच्याजवळ, पाठांची टाचणं काढायची चिकाटी माझ्याजवळ. म्हणून छात्रसेवाकाल आला, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन काही आठवडे शिकवायची वेळ आली, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून अकोटजवळच्या एका गावची शाळा मागून घेतली. माझं माहेरचं गाव तिथून जवळ होतं, आणि तिचे मामू अकोटात राहत.

अट एकच होती. प्रत्येकीचा एक पाठ प्रोजेक्टरवर झाला पाहिजे, आणि तो पाहायला सर स्वतः येणार.

कॉलेजात प्रोजेक्टर एकुलता एक. प्राचार्यांच्या कपाटात, त्यांना कुठल्याशा सत्कारात मिळालेल्या शालीत गुंडाळलेला. तो शालीसकटच आमच्या हवाली झाला. एस.टी.त मी तो मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की मी त्याला छातीशी धरायची. शेजारची बाई बराच वेळ पाहत होती. शेवटी म्हणाली, “लेकरू लय शांत हाय वं तुहं. दूध पाजलं काय?”

जोडीदारीण लगेच म्हणाली, “झोपेचं औषध देल्लं त्याले, मावशी.”

बाई पुढच्या थांब्यापर्यंत माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की मी शाल थोडी उघडून दाखवली. मग तर ती जागाच बदलून बसली.

पहिला पाठ माझा होता, भूगोलातला, ‘भरती-ओहोटी’. समुद्र मी पाहिलेला नव्हता. वर्गातल्या कोणीच पाहिलेला नसणार, म्हणून तर प्रोजेक्टर. सगळा मजकूर मी कॉलेजच्या संगणकावर टंकलिखित करून फ्लॉपीवर घेतला होता. एकेक अक्षर उडत येऊन बसायचं, सोबत टाइपरायटरचा आवाज. फक्त खराखुरा हलता समुद्र मिळत नव्हता. तो जोडीदारणीच्या मामूंकडे मिळाला. मामूंचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता, सोबत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचाही. त्यांनी सीडी काढून दिली. “इसमें समंदर है. लाटा, सूर्यास्त, सब. पोर्शन लंबा है, आराम से पढ़ाओ.”

दुसरी अडचण विजेची. त्या वर्षांत वीज कधी येईल हे लाइनमनलाही माहीत नसे, पण शाळेच्या वेळात ती नसते हे सगळ्यांना माहीत होतं.

“मामू, जनरेटर भी होना,” जोडीदारीण म्हणाली.

“तो भेजता ना बेटा.”

“सिर्फ जनरेटर, मामू.”

मामूंना ते पटलं नाही. नुसता जनरेटर कोणी नेतं का? लोक काय म्हणतील?

पाठाच्या दिवशी मामूंचा टेम्पो गावात शिरला तो असा: मागे जनरेटर, त्यावर दोन भोंगे, रंगीत दिव्यांच्या माळांची गुंडाळी, खिडक्या झाकायला लाल-पिवळ्या कनाती आणि पाहुण्यांसाठी मखमली गादीची एक खुर्ची. मामू स्वतः पुढे बसले होते. भोंग्यांतून त्यांनी “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” केलं, आणि वेशीपासून शाळेपर्यंतची दारं उघडली.

आता हे इथे सांगायला हवं की त्या काळात आमच्या भागात कोणी ना कोणी सारखं येत असे. कापसाची वर्षं वाईट चालली होती आणि वाईट बातम्या घरोघर होत्या. त्यामुळे कधी दिल्लीचं पथक, कधी मुंबईचे टीव्हीवाले, कधी कॉलेजची मुलं छापील प्रश्न घेऊन. गाडी आली, यंत्र उतरलं, की लोक कामं टाकून जमत. काय मिळेल याची आता फारशी आशा नव्हती, पण आपण नसताना शेजाऱ्याला मिळालं तर, ही धास्ती होतीच.

आमचे सर अकोटहून ऑटोने आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल, खिशाला पेन. ऑटोतून पाय खाली ठेवतात तोच सरपंचांनी त्यांच्या गळ्यात हार घातला.

“नाही नाही, हे कशासाठी?” सर म्हणाले.

“राहू द्या साहेब. गरिबाचं गाव हाय, पर रीत सोडली नाही आमी.”

सरांना मखमली खुर्चीवर बसवलं. नारळ हातात दिला. मुख्याध्यापकांना खरं काय ते माहीत होतं, पण सरपंचांसमोर बोलायची त्यांची प्राज्ञा नव्हती. ते नुसते हात चोळत उभे राहिले. सातवीची मुलं पुढे खाली बसली होती. त्यांच्या मागे, दारात आणि कनातीच्या फटींत गाव भरलं. एक आजोबा वाकून सरांच्या कानाशी म्हणाले, “साहेब, माही विहीर खचली थ्याचं घ्या लिहून.” सरांना काय करावं कळेना. त्यांनी पेन काढलं, माझ्या पाठाच्या मूल्यमापनाचा कागद उघडला आणि खरोखरच समासात काहीतरी लिहिलं.

मामूंनी जनरेटरला दोरी मारली. शाळेचा संगणक मुख्याध्यापकांच्या खोलीतून आणला होता. त्याच्यावर भरतकामाचं आच्छादन होतं, ते काढलं. प्रोजेक्टर लागला. मंडपाच्या पांढऱ्या कापडावर निळा उजेड पडला तेव्हा मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी डबल क्लिक केला, बाकावर घोटून घोटून बसवलेला, अंतर अगदी बरोबर.

टाइपरायटरचा आवाज सुरू झाला. टक टक टक टक. आणि पडद्यावर उडत उडत अक्षरं येऊन बसली: ^mVr AmoìmoQ>r.

मी ज्या मराठी फाँटमध्ये मजकूर टाइप केला होता, तो या संगणकात नव्हताच. फाँट सोबत न्यावा लागतो, हे सरांनी फळ्यावर काढलं नव्हतं. पुढचं पान उघडलं, तेही तसंच. पहिल्या रांगेतली हुशार मुलगी उभी राहून मोठ्याने वाचू लागली, “एम, व्ही, आर...”

“इंग्रजी होय काय?” मागून कोणीतरी विचारलं.

“इंग्रजीतच आणते सरकार सगळं,” दुसऱ्याने सांगितलं.

मी सरांकडे पाहिलं. हारामागून सरही माझ्याकडे पाहत होते. कपाळावर घाम. हा फाँटचा घोटाळा त्यांनाही पहिल्यांदाच भेटत असावा. तेवढ्यात जोडीदारीण माझ्या कानात म्हणाली, “अक्षरं मरू दे वं. समुद्र लाव.”

मी समुद्र लावला.

कापडभर पाणी आलं. खरंच आलं. एक लाट मागून उठली, मोठी झाली, आणि पांढरी होऊन सरळ आमच्या अंगावर धावून आली. पुढच्या रांगेतल्या मुलांनी पाय वर घेतले. मामूंनी आवाज भोंग्यांना जोडला होता, त्यामुळे लाटेचा घोष शिवारापर्यंत गेला असेल. मी स्वतः तोंड उघडं टाकून पाहत होते. पाठ माझा आहे हे विसरूनच गेले.

“मास्तरीणबाई,” सरपंच हळूच म्हणाले, “एवढं पाणी कोन्याच्या मालकीचं हाय?”

तिथून पाठ सुरू झाला. टाचणात जे होतं त्यातलं एक वाक्यही मी बोलले नाही. चंद्र पाण्याला कसा ओढतो ते सांगताना माझी भाषा कधी घसरली ते मला कळलं नाही. “चंद्र वरून वढून राहिला, म्हणून पाणी फुगून राहिलं. थो सरकला का पाणी मांगं जाते.” मुलं भराभर विचारू लागली आणि मुलांआधी मोठी माणसं.

“मंग हे पाणी वावराले काहून नाही देत?”

“खारं हाय बाप्पा, पीक जळते.”

“एवढं खारं कोनं केलं?”

यावर मी नद्या मीठ कसं वाहून नेतात ते सांगू लागले, तोच आजोबा सरांकडे वळले. “साहेब, तुमी सांगा. तुमी पाह्यला असन समुद्र. ही पोरगी तं ऐकीव सांगून राहिली.”

सगळ्या गावाने माना वळवल्या. सर नारळ घेऊन उभे राहिले. आणि इतक्या वर्षांची ती शुद्ध मराठी त्या उकाड्यात विरघळून गेली. “अहो बाबाजी, म्या कोठी पाह्यला समुद्र! मी यवतमाळकडचा मानूस. अन् मी साहेब नोहे हो, मास्तर होय, साधा मास्तर! हिचा पाठ तपासाले आलो!”

मग सरपंच म्हणाले, “मंग हार?”

लोक इतके हसले की जनरेटरचा आवाज ऐकू येईना. सर आधी लाल झाले, मग त्यांनाही आवरेना. ते हसत हसत खुर्चीत बसले ते हार घालूनच.

आणि याच वेळी सीडीचा तो लांब पोर्शन संपला. सूर्यास्त झाला, लाट फुटली, आणि पाण्यातून एक मोठा गुलाबी बदाम वर आला. बदामात नवरानवरी. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव समुद्रावर तरंगत गोल गोल फिरू लागला आणि भोंग्यांतून सनई सुरू झाली.

“अबे, हा तं फाट्यावरच्या मेडिकलवाल्याचा पोट्टा!”

“यानं समुद्रात लगन केलं?”

“लगनात मी होतो ना, अकोटातच झालं!”

मी संगणकाची सगळी बटणं दाबली. नवरदेव थांबेना. मामू कनातीपलीकडून समाधानाने ओरडले, “मिक्सिंग अपना है!”

मला किती गुण द्यावेत यावर सरांनी बराच विचार केला असावा. शेरा मात्र तिथेच लिहून दिला: ‘साधनाचा वापर अनपेक्षित. वर्गाचा सहभाग गावभर. भाषेकडे लक्ष द्यावे.’ शेवटच्या वाक्यावर त्यांनी पेन टेकवलं, जरा थांबले, आणि ते खोडून टाकलं.

मामू सामान आवरू लागले तसे सरपंच आडवे आले. कापूस वेचायला गेलेल्या बाया अजून वावरातच होत्या. त्यांनी काय पाहायचं नाही? मामूंनी डिझेल संपल्याचं सांगितलं. कोणीतरी जाऊन शेतातल्या इंजिनाचं डिझेल डब्यात घेऊन आलं. सरांची परतीची गाडी तोवर निघून गेली होती. ते मुकाट्याने पुन्हा बसले.

ऊन कलल्यावर बाया आल्या, ओटीतला कापूस तसाच घेऊन. या वेळी मी काही शिकवलं नाही. नुसता समुद्र लावला, आणि बदामाच्या आधी बंद करायला जोडीदारीण वायर हातात धरून बसली. माझ्या जवळच एक बाई टेकली होती, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. मुख्याध्यापकांनी मला सकाळीच खालच्या आवाजात तिचं घर दाखवलं होतं. येणारं प्रत्येक पथक आधी त्याच घरी जात असे.

ती बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “रातीही असंच चालू राह्यते काय हे?”

“रातीही.”

“पाहाले कोनी नसलं तरी?”

“कोनी नसलं तरी.”

“असं कसं वं,” ती म्हणाली. पटलं नव्हतं तिला. तिने आणखी विचारलं, लाटेचा आवाज किती दूर जातो, तिथल्या लेकरांना झोप कशी येते, पाय बुडवले तर पाणी गरम लागतं की थंड. गरम की थंड हे मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि पदराने तोंड पुसून पुन्हा कापडाकडे पाहू लागली.

अकोटला आम्ही टेम्पोने परत गेलो. मामू आणि ड्रायव्हर पुढे, आम्ही दोघी मागे कनातींच्या ढिगावर, प्रोजेक्टर शालीत. सर मखमली खुर्चीत बसले होते, कारण ती ठेवायला दुसरी जागाच नव्हती. वाटेत बैलगाड्यांवरचे लोक त्यांना रामराम करत होते आणि सर गंभीरपणे हात वर करून तो स्वीकारत होते.